खोपोलीच्या विजेचा धडा : क्लाउडचा स्वीकार करताना

शिळफाट्याहून खोपोलीकडे निघालेल्या माणसाने मान वर करून घाटाकडे पाहिले, म्हणजे डोंगराच्या अंगावरून खाली उतरलेले प्रचंड लोखंडी नळ त्याच्या नजरेस पडतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले आहेत, की आता त्यांच्याकडे लक्ष जाण्याचेही कारण उरलेले नाही. आजच्या विषयाचा आरंभ मी या नळांपासूनच करणार आहे. विषय आहे क्लाउड कॉम्प्युटिंगचा. संस्थेच्या संगणक विभागाची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी क्लाउडचा स्वीकार करताना कोणत्या रीतीने विचार करावा, हे आपल्याला पाहावयाचे आहे. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आज जो प्रश्न संगणक विभागाच्या प्रमुखापुढे उभा आहे, त्याच जातीचा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या नळांनी मुंबईच्या गिरणीमालकांपुढे उभा केला होता.

हा विषय तज्ज्ञांचा आहे, आम्हा सामान्यांना त्याचे काय, असेही कोणी मनात म्हणेल. पण ज्या पतसंस्थेत आपली ठेव आहे, ज्या रुग्णालयात आपल्या आजाराचे कागद आहेत, ज्या शाळेत आपल्या मुलांच्या नावाची नोंद आहे, त्यांचे दप्तर आता कपाटात नसून संगणकात आहे. तो संगणक कोठे असावा आणि कोणाच्या ताब्यात असावा, याचा निर्णय चुकला, तर त्याची झळ आपल्यालाच लागणार. तेव्हा निर्णय घेणारे पाचपन्नास असले, तरी तो कसा घेतला जातो हे समजून घेण्याचा अधिकार सर्वांचा आहे.

गिरणीमालकांपुढचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील कापडगिरणीची शक्ती तिच्या स्वतःच्या आवारात तयार होत असे. आवारात बॉयलर, त्याच्या शेजारी वाफेचे एंजिन, आणि त्या एंजिनाच्या मोठ्या चाकावरून दोरांनी मजल्यामजल्यांवरच्या दांड्यांना मिळणारी गती, अशी ती रचना होती. कोळसा दूरच्या बंगालमधून यावयाचा. तो साठवावयास जागा हवी, बॉयलर सांभाळावयास माणसे हवीत, एंजिनाची डागडुजी करावयास जाणता एंजिनिअर हवा. एंजिन बिघडले, की सगळी गिरणी उभी. पुढेमागे माग वाढतील म्हणून आजच्या गरजेहून मोठे एंजिन आधीच घेऊन ठेवावे लागे, आणि माग वाढले नाहीत तर त्यात घातलेला पैसा नुसता पडून राही. कापड विणणे हा ज्याचा धंदा, त्याला आपला निम्मा जीव वाफ तयार करण्यात घालावा लागत असे.

सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत कोसळणारे पाणी अडवावे, ते घाटाखाली सोडून त्यापासून वीज निर्माण करावी आणि ती तारांनी मुंबईस न्यावी, ही योजना जमशेटजी टाटांच्या मनात घोळत होती. १९०४ साली ते निवर्तले. त्यांच्या पश्चात १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास कोनशिला बसविली. वळवण, शिरोता व लोणावळा येथील तलावांचे पाणी सुमारे सतराशे फूट खाली उतरून खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरवू लागले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये ती वीज मुंबईकडे धावू लागली. पुढे १९२२ साली आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. खोपोलीचे वीजगृह पुढे वाढून ७२ मेगावॅटचे झाले. चक्रे फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत जाते, हे आपण जाणतोच.

आता त्या काळच्या गिरणीमालकाच्या जागी आपण क्षणभर उभे राहू. कोणी तरी येऊन सांगतो, की बॉयलर विझवा, एंजिन मोडीत काढा, घाटाखाली तयार होणारी वीज आम्ही तुम्हाला मोजून देऊ, जेवढी वापराल तेवढ्याचे पैसे द्या. बेत चांगला दिसतो. पण मनात शंका येतात. पाऊस कमी पडला तर काय? इतक्या मैलांची तार मध्येच तुटली तर काय? आणि एकदा का एंजिन मोडीत निघाले, की उद्या कंपनीने दर वाढविला तर आपण कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचे? या शंका भित्र्या माणसाच्या नव्हेत, त्या जाणत्या व्यापाऱ्याच्याच आहेत. त्यांची उत्तरे कराराच्या कलमांत शोधावी लागतात, आणि नव्या गोष्टीच्या कौतुकात ती आपोआप सापडत नाहीत.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. एकामागून एक गिरण्या विजेकडे वळल्या. त्यांनी वाफ तयार करण्याचे काम सोडले. पण कापसाची पारख त्यांनी विजेच्या कंपनीकडे सोपविली नाही. मागावरचे कसब सोपविले नाही. अमुक तारखेस अमुक ठाण माल देऊ हा गिऱ्हाइकाशी केलेला वायदाही सोपविला नाही. वीज बंद पडली म्हणून माल उशिरा गेला, तर गिऱ्हाईक खोपोलीस येऊन भांडणार नव्हते, ते गिरणीच्याच दारात उभे राहणार होते. एवढे ध्यानात ठेवून आपण क्लाउडकडे वळू.

क्लाउड म्हणजे काय

नावावरून वाटते तसे यात आकाशातले काही नाही. टेलिफोनच्या जाळ्याचे चित्र काढताना, आतली गुंतागुंत दाखविण्याचे कारण नसेल तेथे एंजिनिअर लोक ढगाचा आकार काढीत, त्यावरून हे नाव रूढ झाले. वस्तुतः क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या हजारो संगणकांवर, तारेच्या वाटेने आपले काम करून घेणे आणि जेवढे करून घेतले तेवढ्याचे पैसे देणे. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. त्या आपल्यापासून दूर नाहीत. नव्या मुंबईत ऐरोली, महापे या भागांत त्या आहेत, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ २०२० साली एक मोठे डेटा सेंटर सुरू झाले आहे. समुद्राखालून येणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे या भागात त्यांची दाटी होण्याचे एक मोठे कारण.

संगणकाची शक्ती टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल, असे भाकित अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच केले होते. ते बाजारात खरे होण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अॅमेझॉन कंपनीने आधी साठवणुकीची जागा आणि मग संगणकाची शक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, चेन्नई व मुंबई येथे, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचे क्लाउड-धोरण जाहीर केले. तेव्हा ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही.

क्लाउडचे प्रकार समजावून घेण्यासाठी आपल्या घरगुती अनुभवाकडे वळणे सोपे. परगावी नोकरीस गेलेला माणूस तीन तऱ्हांनी राहू शकतो. एक, नुसती रिकामी खोली भाड्याने घ्यावी, भांडीकुंडी आपली, स्वयंपाक आपला. दोन, चूल, भांडी व पाणी तयार असलेली जागा घ्यावी, शिधा आणि स्वयंपाक मात्र आपला. तीन, सरळ खानावळीत जेवावे, ताटात येईल ते आपले. क्लाउडमध्येही हेच तीन प्रकार आहेत. पहिल्यात नुसती यंत्रे मिळतात, दुसऱ्यात प्रोग्रॅम चालविण्याची तयार बैठक मिळते, तिसऱ्यात हिशेबाचा, पगारपत्रकाचा किंवा टपालाचा प्रोग्रॅमच तयार मिळतो. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जावे तसतसे कष्ट कमी होतात, आणि त्याच मापाने आपल्या आवडीनिवडीला वावही कमी होतो. खानावळीत मीठ कमी पडले तर चूल आपल्या हाती नसते.

लाभ कोठे आहे

क्लाउडचा खरा लाभ चढउताराच्या कामात आहे. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेस दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात. निकालाच्या दिवशी दुपारी ती मुले, त्यांचे आईबाप, काका-मामा, शेजारी, सगळे एकाच घटकेला निकाल पाहावयास धावतात. त्या दोन तासांसाठी लागणारे संगणक स्वतः विकत घेतले, तर उरलेले वर्षभर ते धूळ खात पडतील, आणि घेतले नाहीत तर त्या दोन तासांत सगळा व्यवहार बंद पडेल. अशा कामाला भाड्याची शक्ती उत्तम. दोन तास शंभर यंत्रे घ्यावीत आणि सायंकाळी परत करावीत. मोठे एंजिन आगाऊ घेऊन ठेवण्याची गिरणीमालकाची विवंचना येथे नाहीशी होते.

दुसरा लाभ आपल्या कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. २६ जुलै २००५ चा पाऊस आपण पाहिला, जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलेले पाहिले. तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेले यंत्र आणि त्याच खोलीतल्या कपाटात ठेवलेली त्याची नक्कल, ही दोन्ही एकाच पुरात जातात. दूरच्या, उंचावरच्या, रात्रंदिवस पहारा असलेल्या इमारतीत दप्तराची प्रत असणे, ही लहान संस्थेला स्वतःच्या बळावर न परवडणारी गोष्ट क्लाउडमुळे परवडू लागली. तिसरा लाभ माणसांचा. लहान संस्थेत संगणकाचे सगळे काम एकट्यादुकट्या माणसाकडे असते. यंत्र दुरुस्त करणे, विजेची सोय पाहणे, चोरवाटा बुजविणे, यातच त्याचा दिवस सरतो. त्यातला बराच भार उतरला, तर संस्थेच्या खऱ्या कामाकडे त्याला लक्ष देता येते.

पण लाभ मोठा म्हणून घाई करावी असे नाही. नेटफ्लिक्स ही चित्रपट घरपोच दाखविणारी कंपनी घ्या. २००८ साली तिच्या स्वतःच्या यंत्रातली माहिती बिघडली आणि तीन दिवस तिला माल पाठविता आला नाही. त्या धड्यानंतर तिने क्लाउडवर जाण्याचे ठरविले, आणि ते काम पुरे झाले जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ लागला. जुने सामान जसेच्या तसे उचलून नव्या जागी नेले, तर जुन्या अडचणीही नव्या जागी जातात. म्हणून त्यांनी आपले काम नव्याने रचले. पैसा आणि माणसे यांची वाण नसलेल्या कंपनीला इतकी वर्षे लागतात, तेव्हा सहा महिन्यांत सारे हलवून देतो म्हणणाऱ्या दलालाचे बोलणे आपण तोलूनच घ्यावे.

उपमा कोठे तुटते

येथवर विजेची उपमा आपल्याला उपयोगी पडली. आता ती कोठे तुटते तेही पाहिले पाहिजे, कारण चुका नेमक्या तेथेच होतात.

पहिली गोष्ट अशी, की वीज गिरणीत येते आणि खर्च होऊन जाते. ती येताना गिरणीची चोपडी उचलून खोपोलीस नेत नाही. क्लाउडमध्ये मात्र आपली चोपडीच परघरी राहावयास जाते. ठेवीदाराचे नाव, त्याची शिल्लक, रोग्याचा आजार, हे सगळे त्या इमारतीत असते. आता घर भक्कम असले, तरी खोलीची कडी लावणे भाडेकऱ्याचेच काम आहे. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या सुमारे दहा कोटी अमेरिकन ग्राहकांची व अर्जदारांची माहिती क्लाउडमधून चोरीस गेली. इमारतीच्या भिंती शाबूत होत्या. पहाऱ्याची जी मांडणी बँकेने करावयाची, तिच्यातच भगदाड राहिले होते. पुढच्या वर्षी आठ कोटी डॉलरचा दंड झाला तो बँकेला. आपला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही हेच सांगतो. काम दुसऱ्याकडून करवून घेतले, तरी लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते. पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठविली पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये घातला आहे. तेव्हा आपली चोपडी कोणत्या गावी आहे, एवढे तरी प्रमुखाला सांगता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट कळीची. तिची प्रचिती जुलै २०२५ मध्ये आपल्याच देशात आली. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची टपालादी सेवा थांबविली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य हा राजकारणाचा प्रश्न आपण बाजूस ठेवू. आपल्याला घ्यावयाचा बोध एवढाच, की पैसे वेळेवर भरलेल्या, भारतातील कायदा पाळणाऱ्या कंपनीचाही दिवा दूरच्या देशातील निर्णयाने विझू शकतो. कळ दुसऱ्याच्या हाती आहे हे ज्याला ठाऊक असते, तो घरात एक कंदील ठेवतो.

तिसरी गोष्ट भाषेची. खोपोलीची वीज काय आणि औष्णिक केंद्राची वीज काय, मागाला त्यात भेद कळत नाही. क्लाउडचे तसे नाही. प्रत्येक कंपनीची यंत्रभाषा थोडी वेगळी, सोयी वेगळ्या, त्यांची नावेही वेगळी. एका कंपनीच्या खास सोयींवर सगळे काम बेतले, की दुसरीकडे जाणे म्हणजे घर मोडून पुन्हा बांधणे. त्यात आणखी एक मेख अशी, की माहिती आत नेण्यास सहसा मोल पडत नाही, बाहेर काढताना मात्र पडते. कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२४ साली माफ केले, हे खरे. तरी रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या माहितीचा आकार चालूच आहे, आणि घर मोडून बांधण्याचा खर्च कोणी माफ करीत नाही.

निर्णय करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

हे सर्व ध्यानात घेतले, म्हणजे ‘क्लाउड घ्यावे की न घ्यावे’ हा प्रश्नच अपुरा आहे हे कळून येते. संस्थेत कामे पुष्कळ असतात, आणि प्रत्येक कामाचा निर्णय निराळा असू शकतो. म्हणून आपल्या सर्व कामांची एक यादी करावी आणि प्रत्येक कामासमोर पाच प्रश्न लिहावेत.

हे काम चढउताराचे आहे की संथ, हा पहिला प्रश्न. चढउताराच्या कामाला भाडे परवडते, हे आपण पाहिले. पण बारा महिने चोवीस तास एकाच मापाने चालणाऱ्या कामाला भाड्याचे घर महाग पडू शकते. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१६ च्या सुमारास आपली बरीच साठवण क्लाउडमधून स्वतःच्या यंत्रांवर आणली आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास खर्च वाचविला. थर्टीसेव्हन सिग्नल्स या लहानशा कंपनीचे २०२२ सालचे क्लाउडचे बिल बत्तीस लाख डॉलर झाले. तिनेही पुढच्या वर्षी आपली यंत्रे विकत घेऊन काम परत आणले. दोघांपाशी ती यंत्रे सांभाळणारी जाणती माणसे होती, हे मात्र विसरू नये. आपल्याकडे ती नसतील, तर त्यांचा पगारही हिशेबात धरावा लागेल. शिवाय क्लाउडच्या बिलात एक खोड आहे. कोणी तरी प्रयोगासाठी लावलेले यंत्र बंद करावयाचे विसरतो, आणि रिकाम्या खोलीत रात्रभर दिवा जळत राहावा तसे ते महिनोन्‌महिने पैसे खात राहते. म्हणून बिल दर महिन्याला ओळीओळीने वाचणारा माणूस नेमावा.

दुसरा प्रश्न असा, की हे काम तासभर बंद पडले तर कोणाचे काय अडते, आणि दिवसभर बंद पडले तर काय? जुलै २०२४ च्या अखेरीस सामाईक संगणक-सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, आणि खबरदारी म्हणून देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन देणेघेणे तोडून ठेवावे लागले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. अशा दिवशी बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या ठेवीदाराला ‘दोष आमचा नाही’ हे उत्तर पुरत नाही. मुलीच्या प्रवेशाची फी त्याला आजच भरावयाची असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, पण ज्या रुग्णालयांनी जनित्रे सज्ज ठेवली होती, तेथील रोग्यांचे श्वास चालू राहिले. विजेवर विश्वास असूनही ते जनित्र ठेवतात. तशीच, संगणक बंद पडल्यावर पहिले चार तास व्यवहार कसा चालवावयाचा, याची कागदावर लिहिलेली आणि वर्षातून एकदा तरी करून पाहिलेली रीत प्रत्येक संस्थेपाशी असली पाहिजे.

आपली नक्कल कोठे आहे, हा तिसरा प्रश्न. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतनाचा मोठा निधी आहे. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद. मे २०२४ मध्ये क्लाउड-कंपनीकडूनच झालेल्या एका चुकीमुळे त्याचे तेथील बरेच दप्तर पुसले गेले. क्लाउडमध्ये दोन ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही एकाच खात्यावर असल्यामुळे दोन्ही गेल्या. निधी सावरण्यास एक शहाणपण उपयोगी पडले. त्याने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली होती. तेव्हा एक प्रत अशी असावी, की जिची किल्ली त्याच माणसाच्या खिशात नाही. आणि ती प्रत अधूनमधून उघडून, तिच्यावरून काम सुरू करून पाहावे. कधी न उघडलेली नक्कल आहे असे समजणे म्हणजे कधी न मोजलेली शिल्लक आहे असे समजणे होय.

बाहेर कसे पडावयाचे, हा चौथा प्रश्न. लग्नाच्या बोलणीत काडीमोडाची भाषा आपल्याला अशुभ वाटते, पण व्यापारी करारात ती शुभच होय. करार संपल्यावर माहिती किती दिवसांत, कोणत्या रूपात परत मिळेल, तिकडची प्रत पुसल्याचा दाखला कोण देईल, दर वाढवावयाचा तर किती दिवसांची नोटीस, हे सहीपूर्वी लिहून घ्यावे. सहीनंतर विचारणाऱ्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही.

आणि पाचवा प्रश्न, घरात जाणते कोण उरणार? हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लाउड आले, आता संगणकाच्या माणसाची गरज काय, असे म्हणून कित्येक ठिकाणी त्याला निरोप देण्याचा मोह होतो. गिरणीतले बॉयलर गेले तेव्हा बॉयलर सांभाळणाऱ्याचे काम गेले, पण विजेचे काम जाणणारा माणूस नव्याने लागू लागला. तसेच येथेही आहे. यंत्र पुसणारा नको असेल, पण करार वाचणारा, बिल तपासणारा, कडीकुलूप पाहणारा आणि अडचणीच्या वेळी काय करावयाचे हे जाणणारा माणूस हवाच. शक्य तर जुन्याच माणसाला नवी विद्या शिकवावी. संस्थेचे दप्तर त्याच्या इतके कोणास माहीत असणार? ज्या घरात असा एकही माणूस उरत नाही, ते घर दलाल सांगेल ते सत्य मानू लागते.

पाणी कोणाचे

एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा ज्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, त्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, गिरण्यांना वीज मिळाली, आणि गावे बुडाली. मुंबईत बटण दाबणाऱ्याला त्या गावांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. स्वस्त आणि स्वच्छ शक्तीची किंमत कोणी तरी, कोठे तरी चुकती करीत असतो, हे आपण घाटाखालच्या लोकांनी तरी विसरू नये. डेटा सेंटरला रात्रंदिवस वीज लागते, आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पाणीही लागते. ‘मेघ’ म्हटल्याने त्याचे वजन नाहीसे होत नाही. आपण ज्या कंपनीकडे काम सोपवितो, ती वीज कोठून घेते, पाणी कोणाचे घेते, आणि शेजारच्या गावाला काय देते, हे विचारणे मोठ्या ग्राहकाचे कर्तव्य आहे. रायगड जिल्ह्यात अशा इमारती उभ्या राहत असताना ते नागरिकांचेही कर्तव्य ठरते.

सारांश, क्लाउड ही टाळण्याची गोष्ट नाही आणि डोळे मिटून कवटाळण्याचीही नाही. बॉयलर दुसऱ्याकडे सोपविता येतो, ठेवीदाराला दिलेला शब्द सोपविता येत नाही. जे काम कोणीही सारखेच करील आणि मोठ्या प्रमाणावर अधिक चांगले करील, ते खुशाल द्यावे. पण दप्तराची एक प्रत, बाहेर पडण्याची वाट आणि घरातला जाणता माणूस, या तीन गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. आपल्यापैकी जे कोणी पतसंस्थेचे, शाळेचे किंवा रुग्णालयाचे सभासद अथवा विश्वस्त असतील, त्यांनी येत्या वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर एवढेच विचारावे : आपले दप्तर कोठे आहे, त्याची दुसरी प्रत कोणापाशी आहे, आणि ती शेवटची उघडून कधी पाहिली? उत्तर तत्काळ मिळाले, तर समाधानाने चहा घ्यावा. न मिळाले, तर पुढल्या सभेपर्यंत वाट पाहू नये.